मागचं चाक : पंक्चरची वही

रविवार, ४ जानेवारी

भाचीची सायकल आजपासून माझ्याकडे. तीन आठवड्यांत मागचं चाक तीनदा बसलं. दोनदा तिने पंक्चर काढून आणलं. तिसऱ्यांदा सायकल सरळ माझ्या दारात आणून उभी केली. "मामा, तू एकदा नीट बघ ना. रोज सकाळी आधी चाक दाबून बघावं लागतं, मगच निघता येतं."

एकच चाक पुन्हापुन्हा बसतं तेव्हा कारण बहुतेक वेळा त्या चाकातच दडलेलं असतं. पॅच लावून फक्त भोक बुजतं, कारण जागच्या जागी राहतं. म्हणून ही वही. कारण सापडेपर्यंत प्रत्येक भोकाची जागा, बाजू आणि माप लिहून ठेवणार.

टायरच्या बाजूवर ३७-६२२ छापलं आहे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा टायरची कड रिमवर बसते तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर घेताना हा दुसरा आकडा बघावा. इंचांवर विसंबू नये. '२६ इंची' म्हणून ५५९ चा टायरही मिळतो आणि ५९० चाही, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. बाकी : वॉल्व्ह मोटारीच्या चाकाला असतो तसा जाड, तारा ३६, टायरवर छापलेला दाब ४० ते ६५ पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड, हे हवेच्या दाबाचं माप).

चाक काढण्यापूर्वी चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणली, ब्रेक मोकळा केला आणि १५ च्या पान्याने दोन्ही नट सोडले. नट आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवले. वॉशर आतला की बाहेरचा, हे नंतर आठवत नाही.

टायर उतरवण्याआधी दोन खुणा केल्या. वॉल्व्हसमोर टायरवर खडूची रेघ, आणि चाक फिरतं त्या दिशेने बाण. ट्यूबवरही तसाच बाण. ट्यूब एकदा बाहेर आली की तिची उजवी-डावी बाजू ओळखता येत नाही, आणि मग भोक टायरच्या कुठल्या जागेसमोर होतं हे दोन ठिकाणी शोधावं लागतं : वॉल्व्हच्या एका बाजूला तेवढ्याच अंतरावर आणि दुसऱ्या बाजूलाही.

टायर घट्ट होता. अशा वेळी लिव्हरवर, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीवर, जोर लावायची गरज नसते. रिमच्या मधोमध खोलगट खोबण असते. उरलीसुरली हवा दाबून काढली, मग दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड सगळीकडून त्या खोबणीत ढकलली. खोबणीचा घेर लहान, त्यामुळे समोरच्या बाजूला कड सैल पडते आणि लिव्हर अलगद आत जातं. इथे स्क्रू ड्रायव्हर वापरला की ट्यूबला नवं भोक पडतं, रिमही ओरबाडते. टायरची एकच बाजू उतरवली आणि ट्यूब बाहेर घेतली.

ट्यूब नेहमीच्या दुप्पट फुगवून गालाजवळून फिरवली. गालाला हवेची बारीक धार लगेच कळते, बोटांना तितकी कळत नाही. खात्रीसाठी घमेल्यातल्या पाण्यात धरली. वॉल्व्हपासून बाणाच्या दिशेने मोजलेली मापं :

ताजं भोक ६१ सेंटिमीटरवर, बाहेरच्या म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला. टाचणी टोचावी तसं.

जुना पॅच क्रमांक १, ६० सेंटिमीटरवर, रस्त्याकडची बाजू.

जुना पॅच क्रमांक २, ३४ सेंटिमीटरवर, आतली म्हणजे रिमकडची बाजू.

ताजं भोक पॅच १ ला जवळजवळ खेटून आहे. टायर मधल्या काळात रिमवरून पूर्ण उतरवला गेला नसणार, म्हणून ट्यूबची तीच जागा टायरच्या त्याच जागेसमोर राहिली. याचा अर्थ टायरमध्ये काहीतरी रुतलेलं आहे आणि पहिलं पंक्चर काढताना ते तसंच राहिलं.

त्या जागी टायरच्या आतून बोट फिरवलं. हळू फिरवलं, कारण काच असली तर बोट कापतं. काही लागलं नाही. बाहेरून पाहिलं, एक बारीक चीर दिसली, ती टोकदार खिळ्याने उकरली. रिकामीच होती. कदाचित काटा आपोआप निघून गेला असेल.

पॅच लावला, ४५ पीएसआय हवा भरली, चाक बसवलं.

सोमवार, ५ जानेवारी

सकाळी ४५. भाची सायकल घेऊन गेली.

बुधवार, ७ जानेवारी

दुपारी फोन : "मामा, परत बसलं."

रविवारी मी 'कदाचित' असं लिहिलं, तिथेच थांबायला हवं होतं. काही सापडलं नाही म्हणजे काही नाही, असं धरून चाललो.

ट्यूब काढली, मोजली. ६१ सेंटिमीटर, रस्त्याकडची बाजू. भोक रविवारच्या पॅचच्या कडेतूनच आरपार गेलं होतं.

या वेळी टायर पूर्ण उतरवला. खुणेपासून ६१ सेंटिमीटर मोजून तो भाग उलटा केला, आतली बाजू बाहेर येईल असा वाकवला आणि दिव्याजवळ धरला. डोळ्यांना तरीही काही दिसेना. मग कापसाचा बोळा त्या जागेवरून फिरवला. तिसऱ्या फेरीत कापसाचा एक तंतू अडकून राहिला.

केसाएवढी बारीक पोलादी तार होती. आतून टोक जेमतेम वर आलेलं. टायर सपाट असताना ती रबरात लपते. चाकावर वजन आलं आणि टायर दबला की टोक आत निघून ट्यूबला टोचतं. रविवारी बोटाला ती लागली नाही त्याचं कारण हे. चिमट्याने बाहेरून धरून ओढली, साधारण ६ मिलिमीटर भरली. मोठ्या वाहनांच्या टायरमध्ये पोलादी तारांचे थर असतात. ते टायर फुटले, झिजून उसवले की त्या तारांचे तुकडे रस्त्यावर पडतात. काटा दिसतो, काच चमकते, ही तार मात्र जवळजवळ अदृश्य असते.

तार काढल्यावर टायरचा सगळा घेर कापसाने तपासला. आणखी दोन काचेचे कण मिळाले, दोन्ही अजून आरपार न गेलेले. तेही उकरून काढले.

६०-६१ च्या आसपास आता तीन भोकं झाली. एकावर एक पॅच चढवले तर तिथे ट्यूब ताठर होते आणि कडा सुटतात. म्हणून ही ट्यूब बाजूला ठेवून माझ्याकडची दुसरी, पूर्वी एकदाही पंक्चर न झालेली ट्यूब घातली. जुनी ट्यूब फेकली नाही. ३४ सेंटिमीटरवरच्या त्या दुसऱ्या पॅचचं काय, हे अजून सुटलेलं नाही.

रविवार, ११ जानेवारी

चाक चार दिवस ठीक. आज खणातल्या पंक्चर ट्यूबा बाहेर काढल्या, सगळ्या मिळून नऊ. वर्षानुवर्षं साठलेल्या. त्यांवर पॅच लावून बघायचे होते, कारण पॅच सुटतो तो नेमका कशामुळे, हे मला स्वतःच्या हाताने पाहायचं होतं.

लोक सोल्युशनला गोंद समजतात. गोंद असता तर ओला असतानाच चिकटवला असता. सोल्युशन म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रबर. द्रव उडाला की ट्यूबवर रबराचा पातळ थर उरतो, आणि पॅचच्या खालच्या रंगीत थराशी त्याचा रासायनिक जोड होतो. द्रव आत अडकला तर हा जोड नीट होत नाही. म्हणून वाट पाहणं हाच त्यातला खरा कामाचा भाग.

तीन ट्यूबा सोल्युशन ओलं असतानाच चिकटवल्या. तीन ट्यूबांवर पाच मिनिटं थांबलो, चकाकी पूर्ण जाऊन पृष्ठभाग मंद दिसेपर्यंत. उरलेल्या तिन्हींवर पाच मिनिटं थांबलो, पण आधी घासल्या नाहीत.

तासाभराने कडेला नख घालून ओढून पाहिलं. ओल्यावर लावलेले तिन्ही पॅच सरकले, एक तर सालपटासारखा हातात आला. न घासलेल्यांपैकी दोन कडेने उचकटले. घासून आणि वाळवून लावलेले तिन्ही हलले नाहीत. ओढताना ट्यूब ताणली गेली, पॅच तिच्याबरोबरच ताणला गेला.

घासण्याचं कारण : साच्यातून ट्यूब सुटावी म्हणून कारखान्यात जो पदार्थ लावतात, त्याचा अंश वर राहिलेला असतो. तो आणि रबराचा जुना, वाळका थर निघाला पाहिजे. पॉलिश पेपरने इतकं घासायचं की काळी चकाकी जाऊन राखाडी, खरखरीत जागा दिसेल, पॅचपेक्षा बोटभर मोठी. मग त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं जोड बिघडवायला.

साच्याची रेघही विसरू नये. ट्यूबवर लांबीने जी बारीक उंच रेघ जाते, ती पॅचखाली आली तर तिच्या दोन्ही अंगांना हवेचा मार्ग राहतो. ती आधी घासून पूर्ण सपाट करायची.

आणि दाब. पॅच लावल्यावर चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत जायचं, अर्धा मिनिट तरी. वजन ठेवून रात्रभर वाट पाहायची गरज नाही, पहिला जोर महत्त्वाचा. वरचा पारदर्शक कागद ओढून काढायच्या नादात नवा पॅचच उचकटतो. मी तो आता काढतच नाही. टाल्कम पावडर मारली की उरलेलं सोल्युशन टायरला चिकटत नाही.

हे सगळं करताना मनात येत होतं की हवेचं चाक मुळात किती उशिरा रुळलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, तेव्हा त्याचा उपयोग करण्यासारखी सायकलच नव्हती. मग बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉयड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तोच विचार नव्याने केला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. ते टायर रिमला पक्के बसवलेले असत, पंक्चर काढायचं तर सगळं उसवावं लागे. मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सुटा निघणारा टायर आणला, तेव्हा कुठे पंक्चर काढणं वाटेत बसून करण्यासारखं झालं. आज माझ्या हातातली ट्यूब मिनिटभरात बाहेर येते, त्यामागे ही सगळी खटपट आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

रविवार, १८ जानेवारी

काल रात्री भरलेली हवा ४५. आज सकाळी २८.

मोठं भोक असतं तर एवढा वेळ हवा टिकली नसती. ही हळू गळती आहे. चाक पुन्हा काढलं. नवी ट्यूब, रस्त्याकडची बाजू स्वच्छ. पाण्यात धरल्यावर बराच वेळ काहीच दिसेना. मग एका जागी दर तीन-चार सेकंदांनी एक बुडबुडा. आतली बाजू, रिमकडची. वॉल्व्हपासून ३४ सेंटिमीटर.

दोन आठवड्यांपूर्वीच हा आकडा मी लिहून ठेवला आहे. जुन्या ट्यूबवरचा पॅच २ : ३४ सेंटिमीटर, आतली बाजू. दोन वेगळ्या ट्यूबा, एकच जागा. पहिल्याच दिवशी त्याचा विचार करायला हवा होता. रस्त्याकडच्या भोकाचा धागा इतका सरळ दिसत होता की आतल्या बाजूचा पॅच लक्षातच घेतला नाही. या एका चाकात दोन कारणं एकाच वेळी होती.

आतल्या बाजूचं भोक म्हणजे काटा नव्हे, काटा रस्त्याकडून येतो. आतून ट्यूबला फक्त रिम लागते. तारांची भोकं झाकणारी रिमची पट्टी पाहिली. बारीक रबरी पट्टी, रुंदी १३ मिलिमीटर, आणि रिमच्या आतली रुंदी १९. पट्टी एका बाजूला सरकली होती. रिमवर तारांची भोकं एकमेकांपासून साधारण ५३ मिलिमीटरवर, आणि वॉल्व्ह दोन भोकांच्या मधोमध. म्हणजे पहिलं भोक २६-२७ मिलिमीटरवर, आणि तिथून पुढे मोजत गेलं तर सातवं बरोबर ३४४ वर येतं. पट्टी उचलली : सातव्या भोकाची कड अर्धी उघडी, आणि ड्रिल मारताना राहिलेली धातूची धारदार कुसळ तिथेच. ४५ पीएसआय म्हणजे तीनपट वातावरणाचा दाब. तो ट्यूबला त्या भोकात ढकलत राहतो. कुसळ तिला एका दिवसात कापत नाही, आठवडे लावते.

आणखी एक. ट्यूबवरचं भोक गोल नव्हतं, कापल्यासारखी ३ मिलिमीटरची चीर होती. टोचलेलं आणि कापलेलं यांतला फरक भिंग लावून पाहिला की स्पष्ट दिसतो.

सोमवार, १९ जानेवारी

रिमची सगळी ३६ भोकं बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. बोटावर कापूस गुंडाळून प्रत्येक भोकाच्या कडेवरून फिरवला, कुठेही तंतू अडकत नाही तोपर्यंत. रिम कपड्याने पुसली, कोरडी केली. रबरी पट्टी काढून टाकली आणि रिमच्या आतल्या रुंदीत बसणारी, मागून चिकटणारी जाड कापडी पट्टी लावली. वॉल्व्हच्या भोकासाठी छोटा छेद. पट्टीचं जोड-टोक वॉल्व्हजवळ येऊ दिलं नाही, थोडं पुढे घेतलं, नाहीतर दुहेरी जाडीमुळे वॉल्व्ह तिरका बसतो.

पट्टी रुंद असावी, पण खोबणीच्या बाहेर टायरच्या कडेखाली जाऊ नये. गेली तर टायर गोल बसत नाही.

ट्यूबला पॅच. घासलं, सात मिनिटं थांबलो, दाबलं. चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे पॅच किमान १ सेंटिमीटर जातोय याची खात्री केली. टायर चढवताना ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली, आकार येण्यापुरती. तिला आधार मिळतो, ती पिळत नाही. शेवटचा घट्ट भाग वॉल्व्हजवळ ठेवला आणि फक्त हातांनी चढवला, लिव्हर लावलं नाही. मग वॉल्व्ह आत ढकलून परत ओढला, म्हणजे तिथे टायरच्या कडेखाली ट्यूबची घडी अडकली असेल तर सुटते. टायरच्या बाजूवर रिमलगत जी बारीक रेघ असते, ती दोन्ही अंगांनी सारख्या अंतरावर आहे का, चाक फिरवून पाहिलं.

४५ पीएसआय. उद्या सकाळी मोजणार.

मंगळवार, २० जानेवारी

४५.

शनिवार, २४ जानेवारी

४४. रबरातून हवा थोडी-थोडी झिरपतेच. हल्लीच्या ट्यूबा बहुतेक ब्यूटाइल रबराच्या, ते नैसर्गिक रबरापेक्षा हवा कितीतरी पटींनी जास्त धरून ठेवतं. तरी दर आठवड्याला एकदा गेज लावायचंच. हवा कमी राहिली की खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोघांमध्ये चिमटली जाते. मग शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. असं जोडभोक दिसलं की टायरमध्ये काटा शोधत बसायचं नाही, हवेचा आकडा बघायचा.

रविवार, २५ जानेवारी

भाची आली. "या वेळी तू हात लावायचा नाहीस, मी करते. तू फक्त सांग." पुढचं चाक घेतलं, ते अजून एकदाही उघडलं नव्हतं.

खडूने खूण तिने न सांगता केली. टायर उतरवताना अडली तेव्हा मी सांगितलं, कड सगळीकडून खोबणीत ढकल. ती ढकलत गेली आणि एका क्षणी टायर सैल पडला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघण्यासाठी हे तीन आठवडे खर्ची पडले असते तरी चालले असते. ट्यूब पाण्यात धरली, कुठेही बुडबुडा नाही. टायर कापसाने तपासला, एक काटा मिळाला, अर्ध्या वाटेवर आलेला. पुढच्या रिमची पट्टीही तीच १३ मिलिमीटरची होती, जरा सरकलेलीच. ती काढून कापडी पट्टी लावली. टायर तिने हातांनीच चढवला. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली.

पुढच्या चाकात ४० भरली. पुढे वजन कमी पडतं, म्हणून मागच्यापेक्षा थोडी कमी पुरते.

मंगळवार, २७ जानेवारी

पुढच्या चाकात ३४. दोन दिवसांत सहा पीएसआय. भाचीला वाटलं तिचंच काही चुकलं. आधी वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावायला सांगितला. थेंब फुगला. वॉल्व्हच्या आतली पिन थोडी सैल होती, दोन दाते असलेल्या टोपणाने पाव फेरा आवळली. थेंब स्थिर. चाक उतरवण्यापूर्वी ही तपासणी करायची असते आणि तिला दोन मिनिटं लागतात. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.

रविवार, १ फेब्रुवारी

मागे ४५ ला भरलेलं, आज ४४. पुढे ४० ला भरलेलं, आज ३९.

सीटखालच्या पिशवीत तिने स्वतः भरलं : दोन लिव्हर, पॅचचा डबा, पॉलिश पेपरचा चौकोन, खडू, चिमटा, कापसाचा बोळा, १५ चा पाना आणि छोटा पंप. सोल्युशनची ट्यूब नवी घेतली. एकदा उघडली की ती आतल्या आत सुकते, आणि गरज पडते त्या दिवशी रिकामी निघते. म्हणून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहायला सांगितली.

जुन्या ट्यूबवरचा पॅच २ आज उचकटून पाहिला. सहज निघाला. खाली चीर, ३ मिलिमीटर, आणि तिच्यावरून साच्याची रेघ न घासता तशीच गेलेली. ट्यूब घासून, वाळवून नव्या पॅचसह खणात ठेवली, दहावी.

रविवार, ८ फेब्रुवारी

मागे ४४, पुढे ३९. हवा भरली नाही.